पाक विर्योंचा ठोकळा

जावातल्या समारांगच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाक विर्यो, म्हणजे विर्योकाका, सगळ्यांत जुने. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या, रुग्णाच्या शरीरातल्या तुकड्याचा पातळ काप मशीनवर चुरगळला की म्हणायचे, “फुंकर नको गं, तोंड उघडून ‘हाऽ’ कर. ऊब लागली की सरळ येतो.” शेवटी त्यांना तो ‘हाऽ’ही पुरा होईना.

कालच ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवून आलो. आज मशीनवर त्यांच्याच फुफ्फुसाचा तुकडा होता. डॉक्टरांना आणखी एक काप हवा होता.

सलग तीन काप चुरगळले.

“कर की हाऽ! त्यांना लाजतेस काय?” शेजारून रेत्नो म्हणाली.

“तोंडाला मास्क आहे गं,” मी टाळलं.

तेवढ्यात मशीनच्या थंड पात्यावर वाफ धरली. काप अलगद, सरळ उतरला.

मी रेत्नोकडे पाहिलं. तिच्याही तोंडाला मास्क होता.

पात्यावरची वाफ विरली.

मग पुन्हा धरली.