पहिल्या हाराचा मान
खिदिरपूरच्या चौकात पंडालखाली चाळीस खुर्च्या, दोन हार आणि एक मातीचा पुतळा होता. पुतळा यशचा, सीमेवरच्या लढाईत मारल्या गेलेल्या आणि मरणोत्तर वीरचक्र मिळालेल्या जवानाचा. पहिला हार कुणी घालायचा, यावरून गल्लीतल्या दोन क्लबांची जुंपली. “पहले हमारा क्लब!” “और पंडाल किसने बांधा?” बघता बघता खुर्च्या उडाल्या, एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचे दात पडले. एकानं पंडालचा बांबू उपसून गरगर फिरवला. त्याचा फटका पुतळ्यावर बसणार, तोच यशचे वडील भालचंद्र पुतळ्याला घट्ट बिलगले. तो त्यांच्या डोक्यात बसला. “अहो, सोडा त्याला! मातीचा आहे तो!” बायको किंचाळली. “सीमेवर मी नव्हतो गं,” ते म्हणाले. बांबू आणखी दोनदा खाली आला, मिठी सुटली नाही. पुतळ्यावर रक्त उडालं, ओरखडा उमटला नाही. भालचंद्रांना अकरा टाके पडले.