बोटाच्या टप्प्यात

साहेबांनी खुर्ची ओढून घेतली आणि आवाज एकदम मऊ केला, तेव्हाच ताईंनी माउस बाजूला सारला.

“ताई, सोमवारपासून आपण सगळे नवीन सॉफ्टवेअरवर जातोय. तुम्ही आता प्रूफं तपासा. शांत काम आहे, दगदग नाही.”

ताई औषधांच्या खोक्यांचं डिझाइन करायच्या. एकोणीस वर्षं. उजव्या हातात माउस, डावा हात कीबोर्डवर, आणि नजर पडद्यावरून हलायची नाही. तीन-तीन बटणं एकदम दाबायचे शॉर्टकट त्यांच्या बोटांना पाठ होते. तोंडानं सांगा म्हटलं असतं तर एकही सांगता आला नसता. मग सात महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. डाव्या हाताचं मात्र एकच बोट परत आलं, अंगठ्याशेजारचं. बाकीची चार मिटलेलीच राहिली. आता एक शॉर्टकट म्हणजे माउस सोडा, उजवा हात पलीकडे न्या, परत येऊन माउस धरा. दुपारपर्यंत हातावेगळं व्हायचं ते काम दोन दिवस पुरू लागलं. साहेब वाईट माणूस नव्हते. तेच जास्त लागलं.

“मला पंधरा दिवस द्या,” ताई म्हणाल्या. “नाही जमलं तर मी आपण होऊन प्रूफांच्या टेबलावर जाऊन बसते.”

सोमवारी सकाळी सगळ्या ऑफिसनं एकच काम केलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शॉर्टकट बदलायची एक खिडकी होती. ती उघडून जो तो आपले जुने शॉर्टकट त्यात बसवू लागला. ताईंनीही ती उघडली आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. जुने शॉर्टकट पाच बोटांचे होते. ते कवटाळून काय करायचं?

त्यांनी सगळे पुसून टाकले.

त्यांचा नवरा सुतार. संध्याकाळी घरच्या टेबलावर त्यानं कीबोर्ड ठेवला, ताईंचं डावं मनगट नीट टेकवलं आणि म्हणाला, “हात उचलू नकोस. नुसतं बोट फिरव.” बोट जिथं जिथं पोचलं त्या प्रत्येक बटणावर त्यानं कानावरच्या पेन्सिलीनं खूण केली. मग मोजलं.

“चौदाच,” तो म्हणाला आणि पेन्सिल परत कानावर खोचली.

“अहो, चेहरा काय पाडताय? रोज लागतात त्या गोष्टी बारा आहेत. दोन शिल्लक राहतील.”

पुढचे आठ दिवस ताई बटणं लावत होत्या आणि बदलत होत्या. जिथं बोट आपसूक टेकतं तिथं सगळ्यात जास्त लागणारं काम. क्वचित लागणारं कडेला. एका कामाला एकच बटण, दुसऱ्याची जोड नाही. एक दिवस फजिती झाली. अक्षरं लिहायच्या चौकटीतून बाहेर न येताच त्यांनी बटण दाबलं आणि खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावर नावाच्या जागी ‘ककककक’ उमटलं.

“ताई, खोकला अगदी स्पष्ट ऐकू येतोय,” शेजारचा म्हणाला. सगळे हसले, ताईही हसल्या. साहेबांनी मात्र न बघितल्यासारखं केलं. ते बघून ताईंचं हसू विरलं. त्यांनी शिल्लक बटणांपैकी एक अक्षरांतून बाहेर पडायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सराव सुरू केला.

तेराव्या दिवशी औषध कंपनीचा फोन आला. चाळीस खोक्यांवरची धोक्याची सूचना मोठी करायची होती, आणि संध्याकाळी पाचला छपाई सुरू होणार होती. हातात दुसरं काम नसलेल्या चौघांत दहा-दहा खोकी वाटली. साहेबांनी ताईंना दहा दिली ती फक्त दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून.

जुने शॉर्टकट नव्या सॉफ्टवेअरला धड बसले नव्हते. निम्मे चालायचे, निम्मे भलतंच काहीतरी उघडायचे. खोलीभर नुसता चुकचुकाट. ताईंचं बोट मात्र कोंबडीनं दाणे टिपावेत तसं टिपत होतं, आणि उजवा हात माउसवरून उठत नव्हता. दीड वाजता त्यांची दहा संपली. त्यांनी शेजारच्याची पाच मागून घेतली. मग पलीकडच्या दोघांची तीन-तीन. पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं खोकं गेलं. चाळिसांतली एकवीस ताईंची होती.

साहेब केव्हाचे मागे येऊन उभे होते.

“ताई, ही बटणांची मांडणी माझ्या मशीनवर टाकून द्याल?”

“एका बोटाची आहे, साहेब.”

“म्हणूनच मागतोय. माझी बाकीची नऊ नुसता गोंधळ घालतात.”

त्या दिवशी ताई बसथांब्यापर्यंत चालत गेल्या आणि बस आली तरी चढल्या नाहीत. घरापर्यंत चालतच गेल्या.

महिन्याभरात ती मांडणी अकराच्या अकरा मशीनवर गेली. प्रूफांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

वर्षभरानं एक डिझायनर बाई रुजू झाल्या. मोठ्या कंपनीतून आलेल्या, दहा वर्षांचा अनुभव. पहिले चार दिवस त्या इथल्या बटणांवर चिडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांचाही हात बसला. एका दुपारी त्यांचं लक्ष ताईंच्या मिटलेल्या बोटांकडे गेलं. त्यांनी खुर्ची जवळ घेतली.

“ताई, तुमचं एक बरं झालं हं. इथली पद्धतच नेमकी एका बोटाची आहे. दुसरीकडे कुठं असतात तर फार अवघड गेलं असतं.”

समोर साहेबांनी चटकन मान वर केली. ते काही बोलणार, तोच ताईंनी त्यांच्याकडे बघून हळूच ‘नको’ अशी मान हलवली.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “नशीब लागतं.”