सुपारीतला करार

दोन देशांनी करार केला, की त्यातल्या एकाला स्वतःच्या घरचा कायदा पुढं करून तो मोडता येत नाही. कळंबच्या सासरी नवी सून अनिता आठवडाभर भाकरी थापता थापता हेच मोठ्यानं घोकत होती. बारामतीला तिचा वकिलीचा पेपर होता.

पेपरच्या दिवशी सासरे गेणबा स्कूटीची चावी मुठीत धरून दारात उभे राहिले. "आमच्या घरात सुना पेपरला जात न्हाईत. हितला कायदाच हाय त्यो."

"आबा, शिक्षण पुरं करू द्यायचं, हे सुपारी फोडताना दोन्ही घरांनी ठरवलंय. आता घरचा कायदा काढून चालायचा न्हाय."

"सुपारीतलं बोलणं कुणी धरून बसतं व्हय? तुझ्या सासूला इचार. तिच्या सुपारीतबी दहावी करू द्यायचं ठरलं व्हतं. इतक्या वर्सांत तिनं कधी नाव काढलं?"

तेवढ्यात सासूबाई, लीलाबाई, ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या. नवऱ्याच्या मुठीतली चावी काढून त्यांनी अनिताच्या हातात दिली आणि स्कूटीवर मागं जाऊन बसल्या.

"वाटंत शाळंपाशी थांब गं. दहावीला बसायचा फॉर्म भरायचाय. माझा करार अजून जित्ता हाय."