राहिलेली ओळ

यांची पहिली बायको कॅन्सरने गेली, तेव्हापासून हे दरवर्षी तिच्या हॉस्पिटलला देणगी देतात. मेलेल्या बाईवर काय जळायचं? पण मी जळते. यंदा महिनाभर खपून मी दुसरी संस्था शोधली. "अहो, तुमच्या हॉस्पिटलात आता संगमरवर आहे, माशांची काचपेटी आहे. इकडे कर्णबधिरांच्या शाळेत श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या संपल्या की मुलं तोंडाकडे बघत बसतात. खरी गरज कुणाला?" मुलांचा कळवळा होताच, पण त्याआधी तिचा काटा काढायचा होता. हे म्हणाले, "पटलं. शाळेलाच देऊ." जिंकले मी! फॉर्म भरून सहीसाठी पुढे केला. "अगं, एक ओळ राहिली की," म्हणत यांनी 'कोणाच्या स्मरणार्थ' यापुढे तिचं नाव लिहिलं, वळणदार अक्षरात. त्या ओळीत माझं नाव यायचं तर मला आधी मरावं लागेल.