बेटची पावती

"ही जाळून टाक." बारेंटने पावती बहिणीपुढे सरकवली. "उद्या बाबांच्या मालमत्तेची मोजदाद आहे. बेट गुलामांच्या यादीत राहिली, तर तुझ्या वाट्याला येते. सत्तर पौंड किमतीची पोर! वाटा तुझा, तेव्हा हातही तुझाच लागू दे."

तो घोडा बघायला बाहेर गेला.

आल्बर्टिनाने पावती वाचली. अक्षर वडिलांचं. 'दियानकडून तिची मुलगी बेट हिच्या सुटकेची पूर्ण रक्कम पोचली. बेट आजपासून स्वतंत्र.' ऑल्बनीच्या कचेरीत नोंद करायची राहिली आणि वडील गेले. आता पुरावा म्हणून एवढाच कागद.

चूल चार पावलांवर पेटलेली होती, पण तिचे पाय उचलेनात. दारात पावलं वाजली, तशी तिने पावती टेबलावरच्या वडिलांच्या कागदांच्या ढिगात खुपसली.

दियान आली होती. हात पिठाने माखलेले.

"ताईसाहेब, सापडला का हो माझा कागद?"

"नाही अजून."

"जातोय कुठे! बारा वर्षं मोजे विणून पैसे भरलेत मी. आणि शेवटच्या दिवशी तुम्हीच तर वाचून दाखवलात. आठवतं ना?"

"आठवतं."

"मग झालं तर. मला मेलीला सगळे कागद सारखेच. मी एकेक देते, तुम्ही बघा."

हात पुसून ती समोर बसली.

"हा?"

"नाही. रमच्या पिंपांचा आहे."

"हा?"

"आजीच्या चांदीचा."

मग ती पावती दियानच्या हातात आली. तिने ती उलटी धरली होती.

"हा?"

बाहेर अंगणात बेट कुणाला तरी चिडवून खदखदून हसत होती.

"नाही," आल्बर्टिना म्हणाली. "मेंढ्यांचा आहे." आणि तिला रडू फुटलं.

"उगी, ताईसाहेब," दियान म्हणाली. "वडिलांचं अक्षर पाहिलं की जीव कातर होतोच."

तिने अंगठ्याने कागदाची घडी हलकेच सरळ केली, बघून झालेल्या कागदांवर तो ठेवला आणि पुढचा उचलला.