नऊ विती

बाराव्या कागदाला तिने खळ लावली आणि अकराव्याच्या कडेला अलगद टेकवला. रेघेला रेघ मिळाली. जमिनीवर सर्फबोर्डची अर्धी कड हळूहळू उमटत होती, कुशीवर झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

अजून दोन कागद. नवरा फोम आणायला गेला होता, यायला तासभर. ओसरीवर सासरे कालच्या तयार फळीवर वितीने माप टाकत पुटपुटत होते, "नऊ विती, वर एक बोट जास्त. फळी अंगाने सुटलीय." प्रत्येक फळीला ते हेच म्हणायचे, आणि नवरा म्हणायचा, वयाने बाबांचा हात आखडलाय.

आणि पलंगाखाली साचा पडला होता. दोन तुकडे होऊन.

सकाळी जाळी झाडताना तो खिळ्यावरून निसटला, उंबऱ्यावर आपटला आणि मधोमध मोडला. पातळ प्लायचा, तीस वर्षांचा, सासऱ्यांनी उमेदीच्या काळात घडवलेला. घरातली प्रत्येक फळी त्याच्यावरूनच निघायची. साचा ठेवून अर्धी कड आखायची, तो उलटायचा, उरलेली अर्धी आखायची. सहा वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, नवरा म्हणाला होता, "घरात काय हवं ते मोड, पण ह्याला हात लावू नकोस. आणि बाबांच्या हातात तर कधीच देऊ नकोस. जीव अडकलाय त्यांचा त्यात."

आता तो जीव दोन तुकड्यांत होता, आणि उद्या पोहणं शिकवणाऱ्या बाईंची फळी सुरू करायची होती.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर फळ्यांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर होतं. ते तिने हौसेने घेतलेलं. नवरा टिंगल करायचा, "तुझ्या कॉम्प्युटरच्या नाकातोंडात कधी पाणी गेलंय का?" आज तिने तुकडे घट्ट जुळवले, वीतभर अंतरावर मापं घेतली, पडद्यावर ठिपके दिले. ठिपक्यांतून वळण धावलं. प्रिंटरने कुरकुरत चौदा कागद बाहेर टाकले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन. हा कशाला, असं तिच्या मनात आलं, पण घड्याळ धावत होतं.

चौदावा कागद चिकटला. तो सगळा पट्टा तिने कात्रीने रेघेवर कापून नव्या प्लायवर अंथरला, टोकदार पेन्सिलीने आखला, प्लाय कापला, कड घासली. चहाचं पाणी फासून त्याला म्हातारं केलं. खिळ्यासाठी भोक पाडलं. साचा टांगून ती मागे सरकते न सरकते तोच दारात गाडी थांबली.

"एवढा घाम का गाळतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"जाळी काढत होते."

"मग एक जाळं राहिलंय बघ. तुझ्या केसांत."

दुसऱ्या दिवशी त्याने साचा उतरवला तो नेहमीसारखाच, त्याच्याकडे धड न बघता. फोमवर ठेवला आणि कानामागची सुताराची जाड पेन्सिल काढली.

"ही रेघ आहे की रस्ता?" तीही नेहमीसारखंच म्हणाली.

"कमी पडण्यापेक्षा जास्त बरं. जास्तीचं घासता येतं. कमी पडलं तर कुठून आणणार?"

"टेप लावून बघ की एकदा."

"बाबांच्या साच्याला टेप? काहीतरीच तुझं!"

आखून झालं. त्याला काहीच कळलं नाही. तिच्या छातीवरचा दगड उतरला.

आठ दिवसांनी तोच दगड पुन्हा चढला. केर भरताना कपाटामागून कागदाचा एक कोपरा निघाला, चौकोनासकट. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रिंट तपासा. बाजू दहा सेंटिमीटर.' तिने पट्टी लावली. नऊ, आणि वर नऊ बारीक रेघा. प्रिंट देताना 'पानात बसवा' ही खूण काढायची राहून गेली होती. शंभरात एक कमी. फळीच्या अख्ख्या लांबीत मोजलं तर जवळजवळ एक बोट.

ओसरीवर बाईंची फळी तयार होती. बाई गाडीपाशी थांबल्या होत्या. आणि सासरे फळीकडे सरकत होते. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण घरातून जाणारी प्रत्येक फळी त्यांच्या हाताखालून जायची.

"बाबा, राहू दे ना आज," ती म्हणाली.

"का? आजच का?"

म्हाताऱ्याचा पंजा फळीच्या नाकावर टेकला आणि वीत वीत पुढे निघाला, पाण्यातून सावकाश चालल्यासारखा. सहा. सात. तिने दाराची चौकट धरली. आठ. नऊ.

करंगळीचं टोक शेपटीच्या कडेवर थांबलं. पुढे काही उरलं नव्हतं. सासऱ्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजलं.

"आली," ते म्हणाले. "मापाला आली."

"तुमचा आखडलेला हात सुटला म्हणायचा!" नवरा हसला, फळी डोक्यावर घेऊन गाडीकडे गेला.

ती मटकन पायरीवर बसली. आधी हसली, मग डोळे भरून आले, आणि मग तिला राहवेना. "बाबा, तुमचा साचा माझ्या हातून मोडला. खिळ्यावर आहे तो मी कॉम्प्युटरवरून काढलाय."

सासऱ्यांनी तिचा हात चाचपून आपल्या हातात घेतला आणि थोपटला.

"माझा कुठला, पोरी? तू मोडलास तो तुझ्या नवऱ्याचा. माझा तर ह्याने तुझ्या लग्नाआधीच मोडला, आणि त्या जाड पेन्सिलीने बाहेरून गिरवून गुपचूप दुसरा टांगला." त्यांनी गाडीच्या दिशेने कान दिला आणि आवाज उतरवला. "त्याला बोलू नकोस हं. अजून घाबरतो बिचारा."