कोकिळेसकट वसंत

१९८१ साली न्यू जर्सीत, चाळिशीच्या शालन गुप्ते कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी निबंध शिकायला लागल्या. “नापास झालीस तर पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही हं,” नवऱ्याने बजावलं होतं.

पहिला विषय, आवडता ऋतू. शालनताईंनी साताऱ्याच्या शाळेत घोकलेला वसंत एका दमात उतरवला, कोकिळेसकट.

“हा कुणाचा निबंध?” प्राध्यापिका डॉइलबाईंनी विचारलं.

“माझाच! आठवीपासून पाठ आहे.”

“ही तर नक्कल. नापास करावं लागेल.”

“अहो बाई, आमच्याकडे पाठ नसला तर नापास करतात!”

बाईंना हसू आवरेना. “बसा इथेच. आज सकाळी घरी जे घडलं, ते लिहा.”

सकाळी फोडणीच्या धुराने अलार्म वाजून आगीचा बंब दारात आला होता, आणि नवरा जवानांना पोह्यांचा आग्रह करत होता. शालनताईंनी तेच लिहिलं, चुकतमाकत, स्वतःशीच हसत. पास झाल्या.

पुढे त्या वाचनालयात लागल्या. नवऱ्याने ईर्षेने त्याच वर्गात नाव घातलं आणि तो नापास झाला. डॉइलबाई निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेल्या, तरी “बाईच फार कडक होत्या” हे त्याचं पालुपद अजून चालू आहे.